तबकडी, सुई आणि फेरे

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे आता काय करावयाचे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींकडून वारंवार विचारला जाऊ लागला आहे. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांत माळ्यावर किंवा लोखंडी पेटीत पन्नास-शंभर तबकड्या हमखास निघतात. घर विकावयाचे ठरते, मुले पुण्यास अथवा परदेशी स्थायिक झालेली असतात, आणि मग एके दिवशी आम्हांस दूरध्वनी येतो, की या वाजविण्यासाठी आणि संगणकात उतरवून घेण्यासाठी फारसे महाग नसलेले असे कोणते यंत्र घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर दुकानदार एका वाक्यात देतो. आम्हांस ते तसे देता येत नाही. कारण यंत्र कोणते घ्यावे हे तबकडी कोणत्या काळातील आहे यावर अवलंबून असते, आणि तो काळ समजून घ्यावयाचा तर थोडे मागे जावे लागते.

एडिसनने १८७७ मध्ये ध्वनी मुद्रित करून पुन्हा ऐकविला तो नळकांड्यावर. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनर याची. त्याने १८८७ मध्ये तिचे एकस्व घेतले. नळकांड्याची नक्कल काढणे त्या काळी जिकिरीचे होते; तबकडीचा मात्र एकदा साचा तयार झाला, की हव्या तितक्या प्रती ठोकता येत. एका मैफलीचा आवाज शेकडो घरांत जाऊ शकला तो या साच्यामुळे. हिंदुस्थानात या कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हर येथे जात आणि तेथून तबकड्या होऊन परत येत. त्या काळचे अनेक कलावंत गाणे संपताच आपले नाव मोठ्याने उच्चारतात. आज ऐकताना त्याचे हसू येते. परंतु सातासमुद्रापलीकडील कामगारास तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद चिकटवावयाचा हे कळण्याचा तो मार्ग होता, असे सांगतात. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि नंतर तो डमडम येथे गेला.

या तबकड्या कशाच्या असत हे आपल्या नव्या पिढीस ठाऊक नसते. त्या लाखेच्या असत. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचा किडा पोसला जातो आणि त्याच लाखेच्या बांगड्या आपल्याकडे होतात. तीच शुद्ध केलेली लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून ही तबकडी घडे. आरंभीच्या काळात आपलीच लाख युरोपात जाई आणि आपलेच गाणे अंगावर घेऊन परत येई. दगडाची पूड घालण्याचे कारण मोठे मौजेचे आहे. जुन्या चावीच्या ग्रामोफोनमध्ये पोलादी सुई असे आणि तिच्यावर ध्वनिपेटीचा शंभर ग्रॅमहून अधिक भार पडे. पहिल्या काही फेऱ्यांतच ती पूड सुईला घासून खाचेच्या आकाराची करी. म्हणजे खाचेने सुई घडवावयाची, सुईने खाच बिघडवावयाची नाही, अशी योजना होती. म्हणूनच दर बाजूस नवी सुई लावण्याचा नियम असे. सुयांची ती छोटी पत्र्याची डबी पुष्कळांनी पाहिली असेल. काटकसरी घरांत मात्र एकच सुई महिनाभर चाले. अशा घरांतील तबकड्यांची अवस्था आज लगेच ओळखता येते. खाचा पांढुरक्या दिसतात आणि तारसप्तकात आवाज फाटतो.

एका बाजूवर गाणे मावे ते सव्वातीन-साडेतीन मिनिटे. बारा इंची तबकडी असेल तर आणखी मिनिटभर. या मर्यादेचा आपल्या संगीतावर काय परिणाम झाला, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बालगंधर्वांचे रंगभूमीवरील पद ‘वन्समोअर’ घेत किती लांबे याच्या आठवणी घरोघरी सांगितल्या जात. तबकडीवर तेच पद आटोपशीर होऊन येते. काही जाणकार याला गाण्याचा संकोच म्हणतात. आम्हांस ते तितकेसे पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उतारवयातील ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. तीन मिनिटांत त्यांनी काय सोडले याचा विचारच मनात येत नाही. हेच खाँसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बडोद्याच्या दरबारी होते. त्यांच्या कन्या हिराबाई यांनी पुढे ‘बडोदेकर’ हे आडनाव लावले, ही गोष्ट बडोद्याच्या वाचकांस सांगावयास नकोच.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना या तबकड्यांचे मोल अधिक होते, असे आमचे मत आहे. नाटक मंडळीचा मुक्काम वर्षा-दोन वर्षांनी पडे, तोही पडलाच तर. इंदुरास आकाशवाणीचे केंद्र आले ते १९५५ मध्ये. तोवर रामबागेतील अथवा ग्वाल्हेरच्या लष्करातील घरात पुण्या-मुंबईचे चालू मराठी कानी पडावयाचे तर ते पाहुण्याच्या तोंडून किंवा तबकडीतून. भाषेचे वळण टिकण्यास पुस्तकांइतकाच या काळ्या थाळ्यांचा हातभार लागला. शिवाय यातील पुष्कळसे कलावंत आपल्याच मुलखांतून वावरलेले. रामकृष्णबुवा वझे विद्येसाठी ग्वाल्हेरास गेले. दीनानाथ मंगेशकर मूळचे गोव्यातील मंगेशीचे, आणि त्यांच्या थोरल्या कन्येचा, लताबाईंचा जन्म १९२९ मध्ये इंदुरात झाला. बेळगावनजीक सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, लहानपणी प्रसिद्धीस आले तेच थोरांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब म्हणून दाखविल्यामुळे. १९४८ मध्ये आजारपणामुळे ते देवासला आले आणि तेथेच राहिले. त्या मुलाच्या कानी पडलेली तबकडी कोणत्या गतीने फिरत होती, हा विचार आम्हांस अनेकदा चाळवितो. यंत्राची चावी उतरत आली असेल, तर त्याने अनुकरण केलेला स्वर मूळ गायकाचा नव्हेच, त्या घरातील यंत्राचा.

आणि येथेच यंत्राच्या निवडीचा पहिला मुद्दा येतो, तो म्हणजे फेऱ्यांचा. आपण सर्रास ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ म्हणतो. परंतु दर मिनिटास ७८ फेरे हे प्रमाण विजेवरील ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतर, म्हणजे १९२५ च्या सुमारास आणि त्यापुढे, स्थिर होत गेले. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून गायिलेल्या तबकड्या सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्याही पुढे, निरनिराळ्या गतींनी मुद्रित झालेल्या आहेत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेले पद ७८ वर वाजविले, तर ते जवळजवळ एका पट्टीने चढते आणि ३ मिनिटे २० सेकंदांचे गाणे ३ मिनिटे १० सेकंदांत संपते. काळी एकमध्ये गाणारा गायक काळी एकच्या वर ऐकू येतो, तान अधिक चपळ भासते, आवाज कोवळा वाटतो. अशा तबकडीवरून एखाद्याच्या गळ्याविषयी मत बनविणाऱ्याने सावध असावे. तेव्हा ज्यांच्याकडे १९२५ पूर्वीच्या तबकड्या असतील त्यांनी नुसते ‘७८’ लिहिलेले यंत्र न घेता, गती थोडी कमी-अधिक करण्याची सोय असलेले घ्यावे. सूर कोणत्या पट्टीत लावावयाचा याला गायकाची इतर मुद्रणे आणि पेटीचा स्वर हाच आधार. जाणकार कान जवळ बसवून हे काम करावे.

दुसरा मुद्दा सुईचा, आणि आमच्या अनुभवास आलेले बहुतेक घोटाळे याच ठिकाणी झालेले आहेत. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची, व्हिनाइलची दीर्घ तबकडी आणली, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी. खाच अत्यंत बारीक झाली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले, आणि ख्यालास प्रथमच पाय पसरावयास जागा मिळाली. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी ज्यांनी ऐकली आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. पुढे सुधीर फडके यांच्या आवाजातील गीतरामायण मराठी घरांत पोचले तेही या दीर्घ तबकड्यांवरून. परंतु आपल्याकडे लाखेच्या तबकड्या लगेच गेल्या नाहीत. पाश्चात्त्य देशांत त्या बंद झाल्यावरही येथे निघत राहिल्या, इतक्या की १९६० नंतरच्या बीटल्सची गाणीसुद्धा हिंदुस्थानात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. म्हणून एकाच घरातील एकाच पेटीत दोन्ही प्रकार सापडतात.

लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे तीन सहस्रांश इंचाच्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई एक सहस्रांश इंचाहूनही बारीक असते. ही बारीक सुई जुन्या खाचेत घातली, तर ती तळाशी जाऊन वर्षानुवर्षे साचलेल्या धुळीवरून घसरत राहते. भिंतींवर कोरलेला आवाज तिला नीट स्पर्शतच नाही. ऐकणाऱ्यास वाटते, तबकडी खराब झाली. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे मिळणाऱ्या पेटीवजा रेकॉर्ड-प्लेअरांत यासाठी उलटसुलट होणारी जोडसुई असे, एका अंगाने एलपी आणि दुसऱ्या अंगाने ७८. अलीकडील अनेक यंत्रांतून ही समजूत नाहीशी झाली आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाकडे आजीच्या आवाजाची एकच तबकडी आहे. लग्नापूर्वी, १९३० नंतरच्या दशकात, त्यांनी दोन भजने ध्वनिमुद्रित केली होती. पुढे त्या कधी बाहेर गायिल्या नाहीत. नातवंडांनी ती एका दुकानात देऊन सीडी करून आणली. तीत पावसासारखी खरखर, आणि मागे कोठेतरी एक बाई गात आहेत एवढेच कळे. घरच्यांनी तबकडी निकामी समजून बाजूला ठेवली होती. नशिबाने टाकून दिली नव्हती. आम्ही ती कोमट पाण्याने हलक्या हाताने धुतली, ७८ ची सुई लावली आणि पुन्हा उतरविली. खरखर पुरती गेली नाही, जाणारही नाही. परंतु शब्द स्वच्छ कळले, आणि दुसऱ्या भजनाच्या अंतऱ्यात आजी श्वास घेतात तोही ऐकू आला. त्यांच्या पंचाहत्तरीच्या पुढच्या कन्येने तो भाग तीनदा लावावयास सांगितला. त्या दुकानाचे नाव देण्याचे येथे कारण नाही. असे दुकान प्रत्येक शहरात आहे.

आता प्रत्यक्ष यंत्रांविषयी. सर्वांत स्वस्त म्हणून जी शोभेची सूटकेसवजा यंत्रे बाजारात आली आहेत ती घेऊ नयेत, असे आम्ही स्पष्टच सांगतो. त्यांत भुजेचा भार कमी-जास्त करता येत नाही, तो एलपीस हवा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि सुईही साधारण प्रतीची असते. ऐकण्यापुरते ते चालून जाईल. परंतु ज्या तबकडीची दुसरी प्रत मिळणार नाही ती अशा यंत्राखाली ठेवणे हे आम्हांस मूळ दस्तऐवज अर्जास टाचून पाठविण्यासारखे वाटते. ज्यांच्याकडे केवळ एलपी आणि ४५ च्या तबकड्या आहेत त्यांना जपानच्या ऑडिओ-टेक्निका कंपनीचे एलपी-६०एक्स हे पट्ट्यावर चालणारे स्वयंचलित यंत्र पुरेसे आहे. कळ दाबली की भुजा आपोआप उतरते, हे थरथरत्या हातांसाठी सोयीचे. परंतु त्यास ७८ ची गती नाही. लाखेच्या तबकड्या असतील तर त्याच कंपनीचे एलपी-१२०एक्स पाहावे. त्याची तबकडी थेट मोटारीवर फिरते, ३३, ४५ आणि ७८ या तिन्ही गती आहेत, गती कमी-अधिक करता येते, भार बदलता येतो, आणि मुख्य म्हणजे सुईचे टोक हाताने काढून त्या जागी ७८ साठीचे वेगळे टोक बसविता येते. हे टोक स्वतंत्र विकत घ्यावे लागते आणि ते लावताना भारही वाढवावा लागतो. एलपीस दोन ग्रॅम पुरतात, यास सुमारे पाच. किंमत पहिल्या यंत्राहून बरीच अधिक आहे. पण चार-पाच कुटुंबांनी किंवा एखाद्या मंडळाने मिळून एक यंत्र घेतले, तर तो खर्च जाणवणार नाही, कारण प्रत्येक घरचे काम महिन्या-दोन महिन्यांत संपते.

थेट मोटारीची ही पद्धत टेक्निक्स कंपनीने १९७० च्या सुमारास बाजारात आणली आणि १९७२ मध्ये तिचे एसएल-१२०० हे नामांकित यंत्र निघाले. जुन्या बाजारात कधी ते दिसते. पण त्यातही नेहमीच्या नमुन्यात ७८ ची गती नसे, हे लक्षात ठेवावे. वडिलांचे जुने यंत्र दुरुस्त करून वापरावे का, असेही विचारतात. चावीचा ग्रामोफोन दिवाणखान्यात जरूर ठेवावा आणि सणासुदीस एखादी सहज मिळणारी तबकडी त्यावर लावावी. दुर्मीळ तबकडी मात्र कदापि नाही, आणि एलपी तर मुळीच नाही.

७८ ची गती नसलेल्या यंत्रावर तबकडी ४५ वर वाजवून संगणकात गती वाढविण्याची युक्तीही आहे. ४५ वरून ७८ करण्यास गती सुमारे ७३ टक्के वाढवावी लागते आणि ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत ते सहज होते. फार वाकलेल्या अथवा तडा गेलेल्या तबकडीस ही युक्ती उपयोगीही पडते, कारण सावकाश फिरताना सुई उडत नाही. मात्र सुई ७८ चीच हवी, आणि खर्ज व तार यांचा तोल नंतर सुधारून घ्यावा लागतो. या तोलाची गोष्ट अशी, की मुद्रण करताना खर्जाचे स्वर दाबून आणि तारेचे उचलून कोरतात व वाजविताना उलट करतात. यासाठी सर्वमान्य प्रमाण ठरले ते १९५४ मध्ये. आजच्या यंत्रातील जुळणी त्या प्रमाणाची असते. त्याआधीच्या तबकड्या तीवर किंचित दबलेल्या, घोंगडी पांघरल्यासारख्या ऐकू येतात. तेव्हा तारेचा भाग संगणकात थोडा उचलावा. पण तो प्रतीवर. मूळ उतरविलेली फाइल जशीच्या तशी राहू द्यावी.

उतरविताना ९६ किलोहर्ट्‌झ व २४ बिट हे प्रमाण ठेवावे, आणि एमपी३ न करता वेव्ह हा प्रकार घ्यावा. साडेतीन मिनिटांच्या बाजूस सुमारे १२० मेगाबाइट जागा लागते. शंभर तबकड्यांच्या दोनशे बाजू आजच्या खिशात मावणाऱ्या साठ्यात आरामात बसतात. यंत्रातच यूएसबीची सोय असते, तिची प्रत बहुधा याहून कमी असते. शक्य तर वेगळा ध्वनिपरिवर्तक घ्यावा, नसेल तर आहे त्यावर काम सुरू करावे. जुन्या तबकड्या एकध्वनी असल्या तरी दोन्ही बाजू वेगवेगळ्या उतरवून ठेवाव्यात, कारण पुष्कळदा खाचेची एक भिंत झिजलेली आणि दुसरी शाबूत असते. लाखेच्या तबकडीस स्पिरिट अथवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव लावू नये. लाख त्यात विरघळते. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात.

केसरबाई केरकर यांची भैरवीची साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे गोव्याच्या वाचकांस अभिमानाने ठाऊक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. या कथेतील एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीबरोबर शास्त्रज्ञांनी ध्वनिग्राहक आणि सुईही ठेवली, आणि वेष्टनावर ती कोठे टेकवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी याचे चित्र कोरले. अनोळखी ऐकणाऱ्यासाठी जी काळजी घेतली गेली ती आपण आपल्या नातवंडांसाठी घेत नाही, एवढेच म्हणावयाचे.

कायद्याविषयीही विचारणा होते. १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. परंतु गीत आणि चाल यांचे हक्क निराळे. ते कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात. घरच्या उपयोगासाठी प्रत करण्यास अडचण पडू नये. सार्वजनिक रीतीने प्रसृत करण्यापूर्वी मात्र दोन्ही मुदती तपासाव्यात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या नोंदींचे मोठे काम केले आहे. संग्रह द्यावयाचा असल्यास अशा जाणत्या मंडळींचा सल्ला घ्यावा, रद्दीवाल्याचा नव्हे.

शेवटी नोंदींबद्दल. फाइलीस ‘जुने गाणे १’ असे नाव देऊ नये. लेबलावरील क्रमांक, कंपनी, कलावंताचे नाव जसे छापले आहे तसे, आणि लेबलाबाहेर गुळगुळीत भागावर कोरलेला बारीक क्रमांक, हे सर्व लिहावे. हा कोरलेला क्रमांक साच्याचा असतो आणि मुद्रणाचा काळ ठरविण्यास त्याचाच आधार लागतो. कोणती सुई, किती भार, कोणती गती हेही लिहावे. लेबलाचे छायाचित्र घ्यावे. कागदी पाकीट फाटके असले तरी फेकू नये. त्यावर दुकानाचा शिक्का असतो, कधी किंमत आणि तारीख, आणि पुष्कळदा कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव असते. ते नाव कोणाचे हे सांगणारे कोणी घरात अजून असेल, तर तेवढे त्याच दिवशी विचारून घ्यावे.